स्वागताध्यक्षांचे भाषण: नंबर कोणाचा लागणार?

अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील मान्यवर आणि माणगावला उतरून घोणसे घाटाची वळणं सोसत इथवर आलेल्या पाहुणेमंडळींनो, म्हसळ्यात आपलं मनःपूर्वक स्वागत.

स्वागताध्यक्षाने वर्गणी जमवावी, पंगतीकडे बघावं आणि बोलताना आवरतं घ्यावं, असा रिवाज आहे. पहिली दोन कामं झाली आहेत.

पिढ्यान्‌पिढ्या उतरणारे जनुकीय बदल कोणाला मिळावेत, ही चर्चा म्हसळ्यात कशाला, असं गावातच काहींनी विचारलं. इथली अडलेली बाळंतीण अजून माणगाव, अलिबाग, नाहीतर मुंबईला न्यावी लागते. म्हणूनच म्हटलं, हे आमच्या अंगणात बोललं जावं.

६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून मुंबईत टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, ती केईएममध्ये, म्हणजे महापालिकेच्या इस्पितळात! आज त्याच उपचारासाठी बहुतेकांना खासगी सेंटर गाठावं लागतं आणि दागिने मोडावे लागतात. भ्रूणाच्या जनुकांत बदल करायचा तर वाट याच आयव्हीएफमधून जाते. तेव्हा रांगेत पुढे कोण असेल, हे वेगळं सांगायला नको.

पण नुसतं ‘सर्वांना द्या’ म्हणूनही भागत नाही. गर्भलिंग तपासणी स्वस्त झाली, तालुक्याच्या गावापर्यंत पोचली, आणि मुलींचे गर्भ पाडले गेले. १९८८ साली महाराष्ट्राला देशात सर्वांत आधी त्याविरुद्ध कायदा करावा लागला. केंद्राचा आला १९९४ मध्ये. उद्या भ्रूणासाठी गोरा रंग नि उंची मागणारे, मुलगी नको म्हणणाऱ्या याच घरांतून येतील.

गडचिरोली-नंदुरबारच्या सिकलसेल रुग्णांचं नाव पुढे करून कोणी भ्रूणबदलाची परवानगी मागितली, तर मी आधी विचारीन: आज जो आजारी आहे त्याचं काय? सिकलसेलवरचा कॅसजेव्ही हा उपचार ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केला. रुग्णाच्याच मूळ पेशी काढून, त्यांत बदल करून त्या परत सोडतात. बदल मुलांत उतरत नाही. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर. तो धडगावच्या पोरापर्यंत पोचवा, मग भ्रूणाचं बोलू. मूळ पेशी संशोधनाच्या आपल्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी बदललेला भ्रूण गर्भाशयात रुजवायला मनाई केली आहे, ती मला तरी योग्यच वाटते. तज्ज्ञांनी मला खोडून काढावं.

तालुक्यातल्या आशाताईंना मुद्दाम पुढच्या खुर्च्या दिल्या आहेत. प्रश्नोत्तरांत माईक आधी त्यांच्याकडे जाईल, एवढी आयोजकांची अट आहे. अध्यक्षांनी आता सूत्रं हाती घ्यावीत.