पेशव्यांच्या पुण्यातील आपले पहिले देऊळ
(ज्युबिली महोत्सवाच्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी पूर्वजांचे स्मरण करणे हे आपले कर्तव्य होय. तथापि स्मरण म्हणजे केवळ स्तुती नव्हे. जे घडले ते जसेच्या तसे सांगणे, आणि ज्यांचे आपणांवर ऋण आहे त्यांचे नाव कृतज्ञतेने घेणे, हेही त्यात येते.

पुण्यातील कॅथॉलिक मंडळींचा इतिहास आपण बहुधा नाना पेठेतील निष्कलंक गर्भसंभवा मातेच्या देवळापासून, म्हणजे सिटी चर्चपासून, सांगू लागतो. माझी विनंती अशी की, तो शनिवार पेठेपासून सांगावा.

या पेठेत मुठेच्या काठी ओंकारेश्वराचे मंदिर आहे. ते थोरल्या बाजीरावांच्या काळी, १७३८ च्या सुमारास पूर्ण झाले. तेथेच चिमाजी आप्पांची समाधी आहे. आप्पांचे नाव वसईच्या ख्रिस्ती घराण्यांना सांगावयास नको. मे १७३९ मध्ये त्यांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. पुढे तेथील कित्येक देवळे ओस पडली आणि त्यांच्या घंटा देशावर आल्या. हे दुःख आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मनात बाळगले आहे.

परंतु न्यायबुद्धीने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पोर्तुगीज अमलात त्याच वसई प्रांतातील हिंदूंची मंदिरे पाडली गेली होती आणि त्यांच्या उघड पूजाअर्चेस बंदी होती. ज्यांनी हे केले ते आपल्याच धर्माचे होते. उलट वसईच्या शरणागतीच्या कलमांत, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची मुभा देण्यात आली. वसईची कॅथॉलिक वस्ती आज नांदती आहे, त्याचे एक कारण हेही होय.

आता शनिवारवाड्याकडे वळू. बाजीरावांनी १७३२ साली या वाड्यात गृहप्रवेश केला. साठ वर्षांनी येथे सवाई माधवराव पेशवे नांदत होते आणि कारभार नाना फडणीसांच्या हाती होता. पेशव्यांच्या लष्करात तेव्हा गोमंतकीय व पोर्तुगीज ख्रिस्ती लोक चाकरीस होते. त्यांना मिस्साबलीसाठी हक्काची जागा नव्हती. दों मिगेल द नोरोन्या या अंमलदाराने ती अडचण सरकारच्या कानी घातली आणि पेशव्यांनी देवळासाठी जमीन दिली. १७९२ च्या नाताळात तेथे पहिला मिस्साबली झाला. आरंभीचे देऊळ अगदी साधे, कच्च्या बांधणीचे होते.

बंधुभगिनींनो, या सालाकडे नीट लक्ष द्यावे. पुण्यावर इंग्रजांचे निशाण चढले ते १८१७ साली, म्हणजे आपल्या पहिल्या मिस्साबलीनंतर पंचवीस वर्षांनी. कॅथॉलिक धर्म पुण्यात इंग्रजांच्या राज्याबरोबर आला असे कोणी म्हणाल्यास, शांतपणे हे दोन आकडे त्याच्यापुढे ठेवावे. आपले पहिले देऊळ मराठी राज्यात, मराठी सत्तेने दिलेल्या भूमीवर उभे राहिले.

आणखी एक गोष्ट मनन करण्याजोगी आहे. नाना फडणीसांच्या मेणवली गावी, वाईजवळ कृष्णेच्या घाटावर, वसईकडून आलेली एक घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या पवित्र मरियेची प्रतिमा आहे. ज्यांच्या गावी आपली घंटा गेली, त्यांच्याच कारभारात आपल्याला देवळासाठी भूमी मिळाली. आपण घंटेची गोष्ट सांगावी आणि भूमीची विसरावी, किंवा भूमीची सांगावी आणि घंटेची झाकावी, या दोहोंत सत्याची हानी आहे. दोन्ही गोष्टी एकत्र सांगण्याचे धैर्य ख्रिस्ती माणसास असले पाहिजे.

सवाई माधवराव १७९५ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी, वाड्यातून पडून मरण पावले. तो वाडाही १८२८ च्या आगीत भस्मसात झाला. आज त्याचे तट, दरवाजे आणि जोती तेवढी दिसतात. मात्र दिलेल्या भूमीवर आजही मिस्साबली होतो. राजाचा वाडा गेला, राजाचे दान राहिले.

मग या ज्युबिलीच्या वर्षी आपण काय करावे? तीन गोष्टी सुचवितो. शनिवार पेठेत जाऊन ती स्थळे आपल्या मुलांना दाखवावी. धर्मग्रामातील जुनी दफ्तरे व वडीलधाऱ्यांच्या आठवणी जपून ठेवाव्या. आणि ज्या शेजाऱ्यास आपल्या प्रार्थनेसाठी जागा मिळत नाही, त्याचा धर्म कोणताही असो, त्याच्या बाजूने आपण बोलावे. कारण एके काळी तशीच अडचण आपली होती आणि परधर्मीय राजाने ती दूर केली.

पावन मरिया आपल्या या नगरीतील सर्व घरांवर आपली कृपादृष्टी ठेवो, आणि घेतलेल्या उपकाराची जाणीव आपणांत सदैव जागती राहो, हीच प्रार्थना.