छिन्नमनस्कता आणि मुद्रेची भाषा
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या वार्षिक संमेलनात विद्यार्थ्यांचा गौरव, शिक्षणनिधी, वधूवर-परिचय अशा विषयांवर दरवर्षी बोलणे होते. यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांस बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा जो विषय आपल्या घरांत दार लावून बोलला जातो, तोच व्यासपीठावर मांडण्याची अनुज्ञा आम्ही मागितली. विषय आहे छिन्नमनस्कता, अर्थात स्किझोफ्रेनिया. आणि त्यातही अशा रुग्णाची नजर, चेहरा व वागणूक यांचा अर्थ आपण कसा लावतो हा. आम्ही वैद्य नाही. आमचा धाकटा बंधू गेली तीस वर्षे या व्याधीने ग्रस्त आहे, एवढाच आमचा अधिकार.

प्रथम नावाविषयी. १९०८ साली स्वित्झर्लंडचे डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी हे नाव योजिले. एका देहात दोन माणसे राहतात, असा त्याचा अर्थ मुळीच नव्हे. विचार, भावना आणि इच्छा यांची परस्परांशी असलेली सांगड सुटते, असे त्यांस म्हणावयाचे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे साधारण तीन-साडेतीनशे माणसांमागे एकास ही व्याधी असते. आपल्या ज्ञातीच्या घरांची संख्या ध्यानी घेतली, तर हा हिशेब दुसऱ्या कोणाचा नाही, आपलाच आहे.

भास होणे, कोणी पाळतीवर आहे असे वाटणे, ही लक्षणे सर्वांस ऐकून ठाऊक असतात. परंतु याच व्याधीची काही मुकी लक्षणे आहेत. चेहऱ्यावर भाव उमटत नाही, आवाज एकसुरी होतो, नजर वळते, बोलणे दोन शब्दांत संपते, उठून काही करण्याची उमेद राहात नाही. ही लक्षणे आजारासारखी दिसतच नाहीत. ती उर्मटपणासारखी व आळसासारखी दिसतात. आपला सारा समाजव्यवहार तर खुणांवर चालतो. ‘या, बसा’ म्हणताना हसणे, पंगतीत आग्रह करणे, थोरांसमोर वाकणे, दुःखात डोळे पुसणे, या खुणा ज्यास जमत नाहीत, त्यास आपण माणूसघाणा ठरवून मोकळे होतो.

आम्हीही तेच केले. आमच्या मातोश्री निवर्तल्या, तेव्हा हा बंधू भिंतीकडे तोंड करून बसला होता. समाचारास आलेली मंडळी कुजबुजली, ‘पोटचा पोर, पण डोळ्यांत टिपूस नाही.’ आम्ही लाजलो, आणि आत नेऊन त्यास रागे भरलो. अकरा वर्षे रोज सायंकाळी सात वाजता मातोश्रींस रक्तदाबाची गोळी देण्याचे काम त्याचेच होते. चौथ्या दिवशी सातच्या सुमारास आम्ही पाहिले, तो तळहातावर गोळी व दुसऱ्या हातात पाण्याचे भांडे घेऊन रिकाम्या खाटेपाशी उभा होता. चेहरा तसाच, दगडासारखा. आम्हांस काही बोलवले नाही.

पुढे या विषयाचे वाचन केले, तेव्हा उलगडा झाला. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अ‍ॅन क्रिंग व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निर्विकार चेहऱ्याच्या रुग्णांस भावना उद्दीपित करणारी चित्रपटदृश्ये दाखविली. चेहऱ्यावर भाव कमी उमटले. परंतु मनात काय वाटले असे विचारता, निरोगी माणसांइतक्याच तीव्र भावना त्यांनी सांगितल्या. म्हणजे भावना आटलेली नसते, तिची बाहेर येण्याची वाट बुजलेली असते.

दुसरी अडचण उलट दिशेची. समोरच्याच्या चेहऱ्यावरील राग, भय वा थट्टा ओळखणे या रुग्णांस अवघड जाते. २०१३ साली लंडनमधील संशोधकांनी तिघा-तिघांच्या संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात रुग्ण ऐकताना माना कमी डोलावतात व बोलताना हातवारे कमी करतात, असे आढळले. ऐकणाऱ्याची मान हलली नाही, की बोलणाऱ्यास वाटते, हा ऐकतच नाही. आणि तो उठून जातो. एकटेपण असे दोन्ही बाजूंनी वाढते.

तिसरे कारण औषधांचे. काही औषधांनी अंग ताठरते, चालताना हात झुलत नाहीत, चेहरा अधिकच थिजतो. आमच्या बंधूचे तसे झाले होते. डॉक्टरांनी औषध बदलल्यावर फरक पडला. मात्र असे दिसल्यास डॉक्टरांस सांगावे, औषध आपल्या मनाने कदापि बंद करू नये.

आता कुटुंबाविषयी. ही व्याधी आईबापांच्या संगोपनाने होत नाही, हे आज निश्चित झाले आहे. कोणा मातेने स्वतःस दोष देऊ नये. परंतु घरातील सततच्या टोमण्यांनी, वैरभावाने, तसेच अतिकाळजीने आजार उलटण्याचा संभव वाढतो. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रथम दाखविले. पुढे १९८०च्या दशकात चंदीगड येथे डॉ. नरेंद्रनाथ विग आदींनी अभ्यास केला, तेव्हा तेथील कुटुंबांत असे टोमणे लंडनहून पुष्कळ कमी आढळले. हे आपल्या कुटुंबसंस्थेचे भांडवल होय. ते आपण उधळू नये.

म्हणून आमची विनंती साधी आहे. अशा व्यक्तीस कार्यास आवर्जून बोलवावे, पण चारचौघांत ‘जरा हस की’ म्हणू नये. सावकाश, एका वेळी एकच गोष्ट बोलावी. उत्तरास वेळ द्यावा. आपल्या मनातील भाव चेहऱ्यावर न सोडता शब्दांत सांगावा: ‘तू आलास, आम्हांस आनंद झाला.’ पाणी वाढण्यासारखे एखादे ठरलेले काम द्यावे, आणि दमल्यास उठून जाण्याची मोकळीक असावी. ‘लग्न केले म्हणजे सुधारेल’ या समजुतीने आजार लपवून सोयरीक जुळवू नये. त्यात दोन घरे पोळतात. उपचारांचा हक्क २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला आहे, आणि २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेस १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य विचारता येते.

आमचे बंधू आज या सभागृहात शेवटच्या रांगेत बसले आहेत. कार्यक्रम संपल्यावर आपण त्यांस नमस्कार केलात, तर ते कदाचित हात जोडणार नाहीत. आपण मात्र करावा. तो पोहोचतो, एवढे आम्ही अनुभवाने सांगतो.