शेर, रत्तल आणि किलो

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा, त्यातील निपाणीसह, मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यावरून उठलेला वाद आजही मिटलेला नाही. त्याच वर्षी संसदेने वजनमापांचा कायदा केला आणि त्याने मात्र सीमेच्या दोन्ही अंगांना एकच किलो आणला. कागलचा किलो आणि निपाणीचा किलो यांत फरक उरला नाही. फरक पडू लागला तो जुन्या भावाचा नवा भाव करताना. आणि त्यात कोणाचे किती जाते, हे पाहण्याजोगे आहे.

जुनी देशी वजने आणि इंग्रजी वजने यांचे नाते तोळ्यात जुळते. कायद्याचा तोळा १८० ग्रेनचा. असे ८० तोळे म्हणजे शेर व ४० शेर म्हणजे मण. इंग्रजी पौंड, ज्याला बाजारात रत्तल म्हणत, तो ७,००० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ३९ तोळ्यांचा. शेर हा दोन रत्तलांहून ४०० ग्रेनने जड. ग्रॅममध्ये मांडावयाचे तर रत्तल ४५३.६, शेर ९३३.१ आणि मण ३७ किलो ३२४ ग्रॅम. पायलीच्या घरातला शेर निराळा; तो मापाचा. त्यात ज्वारी भरली तर एक वजन आणि पोहे भरले तर दुसरेच, म्हणून येथे त्याचा विचार नको.

१ ऑक्टोबर १९५८ पासून नवी वजने टप्प्याटप्प्याने आली व १ एप्रिल १९६२ पासून व्यापारात सक्तीची झाली. नवे पैसे तर १ एप्रिल १९५७ लाच सुरू झाले होते. गृहिणीला त्यामुळे दोन हिशेब एकदम करावे लागले. बारा आणे शेराचा गूळ किलोने घ्यावयाचा, तर बारा आण्यांचे ७५ नवे पैसे; आणि किलो शेराहून पावणेसहा तोळ्यांनी जड, म्हणून भाव ८० पैसे. दुकानदाराने ८५ सांगितले, तर पाच पैसे कशाचे, हे तिने उभ्या उभ्या कसे ओळखावे?

तंबाखू विकणाऱ्या शेतकऱ्याच्या बाबतीत रकमा मोठ्या होतात. भाव मणाला १०० रुपये धरावा. क्विंटल म्हणजे सुमारे २ मण २७ शेर; तेव्हा क्विंटलचा रास्त भाव २६८ रुपयांच्या घरात जातो. परंतु ‘मण म्हणजे चाळीस किलो’ असे सोयीसाठी धरले, की क्विंटल अडीच मणांचा ठरतो आणि हाती २५० रुपये पडतात. तागडीत काडीची खोट नसताना १८ रुपये गेले!

सोनाराच्या पेढीवर तोळा अजून नावाने जिवंत आहे. आजचा तोळा १० ग्रॅमचा धरतात, जुना ११.६६४ ग्रॅमचा होता. पणजीच्या जुन्या कागदावर ‘पाटल्या ५ तोळे’ असे लिहिले असेल, तर ते सोने ५८ ग्रॅमांहून थोडे अधिक आहे, ५० नव्हे. मोड घालताना किंवा भावाभावांत वाटणी करताना तो कागद आणि सोनाराचा काटा समोरासमोर ठेवणे बरे.