कोंडाण्याची सहल आषाढात नको, दसऱ्याला काढू
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘कमी खर्चातली भटकंती’ हा विषय दिला. आपल्या मंडळापुढे यंदा आषाढात कोंडाण्याच्या धबधब्यावर सहल काढायचा प्रस्तावही आहे. तेव्हा विषय तिथपर्यंतच ठेवतो.

मेक्सिकोत पालेंके नावाचं ठिकाण आहे. दाट जंगलात माया लोकांची दगडी मंदिरं, आणि गाडीने थोडं पुढे गेलं की मिसोल-हा, आग्वा आसुल असे धबधबे. पाठीवर पिशवी टाकून, स्वस्तातल्या खोलीत राहून ते बघायला जगभरातून तरुण मुलं जातात. पालेंकेचा प्रसिद्ध राजा पाकाल सातव्या शतकातला. आपलं कोंडाणे लेणं इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचं मानतात. म्हणजे त्याहून सहा-सातशे वर्षांनी जुनं. इथेही जंगल आहे, आणि धबधबा तर थेट लेण्याच्या तोंडावरूनच कोसळतो. कर्जत स्टेशनवरून टमटमने कोंदिवड्याला उतरायचं आणि राजमाचीच्या वाटेने तासाभराची चाल. याहून स्वस्त सहल कुठली?

तरीही आपल्यातल्या किती जणांनी ते लेणं नीट पाहिलंय? धबधब्याचा फोटो सगळ्यांकडे असेल. चैत्यगृहाची पिंपळपानासारखी कमान वर मान करून पाहा. लाकडी तुळया आणि वासे वाटतात, पण तो कातळ आहे. सुतारकामाची सवय असलेले हात तेव्हा नुकते दगडाकडे वळले होते, म्हणून दगडातही त्यांनी लाकडाचीच बांधणी कोरली. शेजारी नाचणाऱ्या जोडप्यांची शिल्पं आहेत.

आणि चैत्याच्या दर्शनी भागात एका भग्न यक्षमूर्तीजवळ ब्राह्मी अक्षरांतली एक ओळ आहे. तिचा अर्थ असा, की हे कान्हाचा अंतेवासी बालक याने केलं. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकलेला शिष्य. बालकाने नाव कोरलं, पण आधी गुरूचं आणि मग स्वतःचं. आज इथे पहिल्या रांगेत आपले सर आणि बाई बसल्या आहेत, म्हणून मला ही ओळ मुद्दाम सांगावीशी वाटली. माजी विद्यार्थ्यांची परंपरा आपल्या तालुक्यात एवढी जुनी आहे!

आता सहलीच्या दिवसांबद्दल. आषाढात आपण खाली उभे असतो आणि पाऊस वर घाटमाथ्यावर पडत असतो. खाली ऊन पडलेलं असतानाही ओढा पाच-दहा मिनिटांत चढतो. वरून पाण्याबरोबर दगड येतात, खाली कातळावर शेवाळ. कर्जत-खालापुरातल्या धबधब्यांवर प्रशासन पावसाळ्यात मनाई हुकूम काढतं, ते उगीच नाही. कुणी वाहून गेलं की शोधायला सगळ्यात आधी उतरतात ती पायथ्याच्या वाडीतली पोरं. ज्यांच्या घरचा कर्ता त्या दिवशी लावणीच्या चिखलात असायला हवा, तो आपल्या मौजेपायी दोर घेऊन डोहात असतो. आपली स्वस्त सहल अशी दुसऱ्याला महाग पडते.

इर्शाळवाडीबद्दल वेगळं सांगायला नको. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली ती ठाकरवाडी दरडीखाली गेली. गडावर जाणारे कित्येक ट्रेकर त्या वाडीत पाणी प्यायले होते, तिथल्या पडवीत जेवले होते. पावसाळ्यात डोंगर कसा वागतो हे मुंबईकराला माहीत नसेल तर समजू शकतो. आपल्याला माहीत आहे.

म्हणून माझी सूचना अशी. सहल दसऱ्याच्या आसपासच्या एखाद्या रविवारी काढू. तेव्हा धार बारीक झालेली असते, पण रान हिरवं असतं, वाट दिसते आणि लेण्यासमोर उभं राहून बोललेलं ऐकू येतं. त्या दिवशी पाऊस लागला तर लेणंही पुढच्या रविवारी. पाण्यात कुणीच उतरायचं नाही.

आपण पंचवीस जण जाऊ आणि शाळेतली नववीची पंधरा मुलं बरोबर नेऊ. मुलांकडून पैसे घ्यायचे नाहीत. आपण माणशी ६०० रुपये काढले तर १५,००० होतात. चाळीस माणसांचं जेवण गावातल्या घरी, ताटाला २०० रुपये धरून ८,०००. तांदळाची भाकरी, भाजी, वरण-भात. गावातलेच दोन वाटाडे, प्रत्येकी १,००० रुपये. उरलेल्या ५,००० मध्ये टमटम, पाणी आणि औषधाची पेटी. म्हणजे १०,००० रुपये थेट पायथ्याच्या गावात राहतील. जेवण घरून बांधून नेलं तर आणखी स्वस्त पडेल हे खरं, पण मग गावाच्या वाट्याला आपल्या पत्रावळीच उरतात. घासाघीस करायची हौस असेल त्यांनी ती मॉलमध्ये करावी.

दोन गोष्टी मात्र ठरवून टाकू. नेलेला कचरा परत आणायचा आणि स्पीकर घरी ठेवायचा. लेण्याच्या भिंतींवर खडूने आणि ऑइलपेंटने लिहिलेली नावं मुलांना दाखवायची, आणि मग बालकाची ओळ दाखवायची. जास्त उपदेश करायची गरज पडणार नाही. जमलं तर इतिहासाच्या सरांनी आधी वर्गात एक तास घ्यावा, म्हणजे मुलं तिथे काय बघायचं ते ठरवून येतील.

राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन, पेठच्या किल्ल्याच्या सुळक्याच्या पोटात खोदलेल्या पायऱ्या, आंबिवलीची लेणी, हे सगळं आपल्याच तालुक्यात किंवा त्याच्या उंबऱ्यावर आहे. दरवर्षी एक ठिकाण घेतलं तर आजचा पाचवीतला मुलगा दहावीला जाईपर्यंत मंडळाच्या पाच सहली होतील.

प्रस्ताव सभेपुढे आहे. आषाढाऐवजी दसरा, एवढा एक बदल करून तो मंजूर करावा, ही विनंती.