कळलावी
(भगिनी मंडळाच्या सभेतील भाषण)



श्रावणात आमच्या पाड्यांच्या वाटेवर, कुंपणांवर कळलावी फुलते. वर वळलेल्या सहा पाकळ्या, बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लाल, ज्वाळांसारख्या. म्हणून संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात. कंद नांगराच्या आकाराचा म्हणून लांगली. मराठी नावाचा मात्र मला एकच अर्थ ठाऊक होता, भांडण लावणारी. हे फूल घरात आणले की कलह होतो, असे लोक मानतात.

मागच्या पावसाळ्यात एक वृद्ध दाई गरोदर बायांना आमच्या शिबिराला येऊ देत नाही, असे कानावर आले. चौकशी न करता मी बैठकीत म्हणाले, “ती म्हातारी म्हणजे कळलावी आहे.” माझ्या आधी माझा शब्द पाड्यावर पोहोचला.

मी गेले तेव्हा तिने मला बसवले, पाणी दिले. मग म्हणाली, “ताई, कळलावी म्हणजे काय, ठाव हाय का? बाई अडली की आमच्या आया तिचा कंद उगाळून पोटाला, पायाला लावायच्या. कळा आणते ती कळलावी. माझ्या सुनेला कुणी तो पोटात दिला. सून गेली, लेकरू गेलं. तुमच्या शिबिरात डॉक्टरीण नसते, म्हणून मी बायांना दवाखान्यात धाडते.”

मी तिचे हात धरून क्षमा मागितली. पुढच्या बैठकीत सर्वांसमोर पुन्हा मागितली.

त्या कंदात कोल्चिसीन नावाचे विष असते. मोजून दिले तर डॉक्टर तेच गाऊटवर औषध म्हणून वापरतात. न मोजता दिले तर जीव जातो. जीभही तशीच. ती प्राणघातक विषाने भरलेली आहे, असे याकोब तिसऱ्या अध्यायात सांगतो. मी तो अध्याय कितीदा शिकवला होता!

पण ‘कळ’ हा शब्द प्रभूनेही हाताळला. योहान १६:२१ मध्ये तो प्रसूत होणाऱ्या स्त्रीच्या वेदनांविषयी आणि त्यानंतरच्या आनंदाविषयी बोलतो. तो आनंद आमच्या प्रत्येक मातेला मिळावा, म्हणून दोन विनंत्या करते. बाई अडली तर कंद नको, १०८ ला फोन करा. आणि शिबिराला डॉक्टरीण मिळावी म्हणून प्रार्थना करा, हातभारही लावा.

दाई आता शिबिरात माझ्या शेजारी बसते. बायांची नावे तीच सांगते, मी लिहून घेते.

प्रभू आपणांस आशीर्वाद देवो. आमेन.