परक्या आकाशातील जबाबदारी : परदेशी सहल आणि ड्रोनचे नियम

वसंतातील व्याख्यानमालांचे दिवस हेच महाराष्ट्रात परदेशी सहलींच्या आखणीचेही दिवस असतात, आणि अलीकडे त्या सहलींच्या सामानात कपडे, औषधे आणि खाऊ यांच्याबरोबर लहानसा ड्रोनही जाऊ लागला आहे. ड्रोन म्हणजे आत वैमानिक नसलेले, जमिनीवरून नियंत्रित होणारे हवाई यान होय. बॅगेत त्याची जागा कॅमेऱ्याशेजारी असली, तरी कायद्याच्या दृष्टीने तो कॅमेऱ्याचा नव्हे तर विमानाचा प्रकार आहे, आणि प्रवाशाला जाचक वाटणारे बहुतेक नियम याच भूमिकेतून निघालेले आहेत. नोंदणी म्हणजे उड्डाणाची परवानगी नव्हे. उडणाऱ्या यंत्रामागे जबाबदार माणूस कोण, हे ठरवण्याची ती व्यवस्था आहे. हा भेद ज्याला उमगला त्याला निरनिराळ्या देशांचे नियम समजून घेणे अवघड जात नाही, हे येथे दाखवायचे आहे.

या विषयाचे मूळ ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे स्वाक्षऱ्या झालेल्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक करारात सापडते. आपल्या भूभागावरील आकाशावर प्रत्येक राज्याचे पूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व असते, असे त्याचे पहिले कलम मान्य करते. आणि वैमानिकाशिवाय उडू शकणारे विमान दुसऱ्या राज्याच्या भूमीवर त्या राज्याच्या खास परवानगीखेरीज उडवता येणार नाही, असे त्याचे आठवे कलम सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हे कलम लिहिणाऱ्यांच्या मनात सहलीला निघालेले कुटुंब नव्हते, हे उघड आहे; तथापि आकाशाचा मालक राज्य आहे आणि पाहुण्याने त्याचे नियम पाळले पाहिजेत, हे तत्त्व अडीचशे ग्रॅमच्या खेळकर यंत्रापर्यंत तसेच टिकून राहिले आहे. व्हिसा प्रवाशाला जमिनीवर प्रवेश देतो. आकाशासाठी वेगळे विचारावे लागते.

हे विचारणे चार प्रश्नांत मांडता येते. हे यंत्र त्या देशात नेता येते का. ही व्यक्ती ते उडवण्यास पात्र आणि नोंदलेली आहे का. या विशिष्ट ठिकाणी, या विशिष्ट वेळी ते उडवता येते का. आणि परतताना ते मायदेशी आणता येते का. हे प्रश्न एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. एकाचे उत्तर होकारार्थी आले म्हणून उरलेल्यांचेही तसेच येईल, असे गृहीत धरणाऱ्या प्रवाशाचीच बहुधा फसगत होते.

या चौकटीचे सर्वांत विस्तृत उदाहरण युरोपीय संघाचे आहे. संघाने २०१९ मध्ये केलेले ड्रोनविषयक समान नियम ३१ डिसेंबर २०२० पासून सदस्य देशांत लागू झाले आणि मराठी प्रवाशांच्या आवडत्या स्वित्झर्लंडने, संघाचा सदस्य नसतानाही, ते १ जानेवारी २०२३ पासून स्वीकारले. या नियमांत धोक्याच्या मानाने तीन प्रवर्ग केले आहेत : ‘खुला’, ‘विशिष्ट’ आणि ‘प्रमाणित’. हौशी प्रवाशाचा संबंध जवळजवळ नेहमी खुल्या प्रवर्गाशी येतो. त्यात ड्रोनचे वजन २५ किलोपेक्षा कमी असावे लागते, तो डोळ्यांना दिसेल इतक्या अंतरातच ठेवावा लागतो, १२० मीटरपेक्षा उंच नेता येत नाही आणि त्यातून कोणतीही वस्तू खाली टाकता येत नाही. या अटी पाळल्या, तर प्रत्येक उड्डाणासाठी वेगळी पूर्वपरवानगी लागत नाही.

नोंदणीबाबत एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. मोटारीची नोंदणी होते तेव्हा क्रमांक गाडीला मिळतो; युरोपच्या खुल्या प्रवर्गात मात्र क्रमांक ड्रोनला नव्हे, ड्रोन वापरात आणणाऱ्या व्यक्तीला मिळतो. या व्यक्तीला तेथील कायदा ‘प्रचालक’ मानतो, आणि प्रत्यक्ष नियंत्रक हाती धरणारा तो ‘दूरचालक’. सहलीत या दोन्ही भूमिका एकाच माणसाच्या असू शकतात, परंतु वडिलांनी नोंदणी केली म्हणून मुलगी दूरचालक म्हणून आपोआप पात्र ठरत नाही. संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाने ज्या सदस्य देशात तो प्रथम ड्रोन उडवणार आहे, त्या देशाच्या विमान वाहतूक प्राधिकरणाकडे नोंदणी करायची असते, आणि मिळालेला क्रमांक इतर सदस्य देशांतही चालतो. दोन देशांत दोनदा नोंदणी करायची नसते. हा क्रमांक आपल्या प्रत्येक ड्रोनवर चिकटवावा लागतो, मात्र त्याच्या शेवटची तीन गुप्त अक्षरे यंत्रावर लिहायची नसतात, कारण दुसऱ्या कोणी तो क्रमांक आपल्या यंत्रात वापरू नये म्हणून ती पडताळणीसाठी राखलेली असतात.

दूरचालकाची पात्रता वजनावर आणि यंत्राच्या वर्गावर अवलंबून असते. २५० ग्रॅमपेक्षा हलक्या ड्रोनसाठी निर्मात्याची माहितीपुस्तिका वाचून समजून घेणे पुरेसे मानले जाते. त्याहून जड ड्रोनसाठी संगणकावर घरबसल्या देता येणारी चाळीस वस्तुनिष्ठ प्रश्नांची परीक्षा असून उत्तीर्ण होण्यास ७५ टक्के गुण लागतात आणि प्रमाणपत्र पाच वर्षे टिकते. भारतात मिळवलेले दूरचालक प्रमाणपत्र येथे कामी येत नाही. ही परीक्षा आणि नोंदणी ही कामे निघण्यापूर्वी काही आठवडे आधी उरकावीत, कारण विमानतळावर उतरल्यावर त्यांसाठी ना निवांतपणा असतो ना पुरेसा वेळ.

२५० ग्रॅम ही मर्यादा मनमानी नाही. आदळणाऱ्या वस्तूने होणारी इजा तिच्या गतिज ऊर्जेवर, म्हणजे वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्म्यावर, बऱ्याच अंशी अवलंबून असते. सेकंदाला १९ मीटर वेगाने जाणाऱ्या २५० ग्रॅमच्या ड्रोनची ऊर्जा सुमारे ४५ ज्यूल भरते, तर त्याच वेगाच्या ९०० ग्रॅमच्या ड्रोनची सुमारे १६२ ज्यूल. आणि आदळल्यास माणसाला ८० ज्यूलहून अधिक ऊर्जा देऊ शकणाऱ्या यंत्राच्या प्रचालकाने नोंदणी करावी, असे युरोपीय नियम सांगतो. पण येथेच सर्वांत मोठा गैरसमज उद्भवतो. २४९ ग्रॅमचा ड्रोन घेतला म्हणजे नोंदणी टळली, असे दुकानातून निघतानाच अनेकांच्या मनात बसते. वस्तुतः यंत्रात माणसांची छबी टिपू शकणारा कॅमेरा असेल आणि ते कायद्याच्या अर्थाने खेळणे नसेल, तर वजन कितीही कमी असले तरी प्रचालकाची नोंदणी बंधनकारक आहे. वजन शरीराला होणाऱ्या इजेचे माप आहे, कॅमेरा खाजगीपणाला पोहोचणाऱ्या इजेचे. कायदा दोन्ही मोजतो.

उंचीच्या मर्यादेचाही असाच तर्क आहे. वस्तीबाहेर सर्वसामान्य विमानांची किमान उंची साधारणपणे १५० मीटर धरली जाते, आणि १२० मीटरची मर्यादा दोहोंच्या मध्ये मोकळा पट्टा राखते. आल्प्समध्ये या नियमाचा अर्थ बारकाईने समजून घ्यावा लागतो, कारण ही उंची उड्डाणस्थळापासून नव्हे, तर ड्रोनच्या सर्वांत जवळच्या भूपृष्ठापासून मोजतात. उताराला लगटून वर चढणारा ड्रोन नियमात बसू शकतो. परंतु कड्यावरून सोडलेला ड्रोन दरीवर दूरवर गेला की नियंत्रकावर उंची शून्य दिसत असतानाच मर्यादा ओलांडतो. त्याच दरीत पॅराग्लायडर आणि बचाव पथकांची हेलिकॉप्टरे येत-जात असतात, म्हणून ही चूक केवळ कागदी राहत नाही.

तिसरा प्रश्न जागेचा. प्रत्येक देश आपल्या नकाशावर ड्रोनसाठी बंद किंवा मर्यादित क्षेत्रे ठरवतो : विमानतळांचा परिसर, लष्करी ठिकाणे, तुरुंग, वन्यजीवांची राखीव क्षेत्रे. पॅरिस शहरावर हौशी उड्डाणास मनाई आहे. माणसांच्या जमावावरून तर खुल्या प्रवर्गातील कोणताही ड्रोन नेता येत नाही, आणि जमाव कशाला म्हणावे हे डोकी मोजून नव्हे, तर यंत्र कोसळू लागल्यास लोकांना बाजूला सरकण्यास जागा उरते की नाही यावरून ठरते. विम्याबाबतही एकसारखेपणा नाही : स्वित्झर्लंडमध्ये २५० ग्रॅम किंवा त्याहून अधिक वजनाच्या ड्रोनसाठी किमान दहा लाख फ्रँकचे दायित्व विमाकवच लागते, तर जर्मनीत ड्रोनच्या दायित्व विम्याला वजनाची सवलत नाही. समान युरोपीय नियमांच्या आतही प्रत्येक देशाचा नकाशा वेगळा वाचावा लागतो, तो यामुळे.

या युरोपीय नियमांच्या कक्षेबाहेर पडताच आकडेही बदलतात. ब्रिटनमध्ये प्रचालक आणि उडवणारा यांचे दोन स्वतंत्र ओळखक्रमांक असतात, १ जानेवारी २०२६ पासून वजनाची मर्यादा १०० ग्रॅमपर्यंत खाली आली आहे, आणि युरोपीय संघातील नोंदणी तेथे उपयोगी पडत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळचा गॅटविक विमानतळ ड्रोन दिसल्याच्या वार्तांमुळे बंद ठेवावा लागला, सुमारे एक हजार उड्डाणे आणि सुमारे एक लाख चाळीस हजार प्रवासी त्यात अडकले. त्या अनुभवानंतर तेथे कठोरपणा वाढावा हे स्वाभाविक होते. जपानने २० जून २०२२ पासून १०० ग्रॅम आणि त्यावरील ड्रोनची नोंदणी सक्तीची केली आहे. अमेरिकेत हौशी उड्डाणास वाव असला, तरी तेथील राष्ट्रीय उद्यानांत २०१४ पासून बंदी आहे. मोरोक्कोत तर पहिल्याच प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आहे : पर्यटकाने आणलेला ड्रोन सीमाशुल्क अधिकारी ताब्यात घेतात. स्पेनमध्ये रीतसर उडवलेला ड्रोन जहाजाने सामुद्रधुनी ओलांडून टँजिअरला नेणारा प्रवासी काही तासांच्या अंतरात नियमपालक असण्यापासून नियमभंगापर्यंत जाऊन पोहोचतो, तेही ड्रोन बॅगेतून बाहेर न काढता.

प्रवासातील बॅटरीचा नियम त्यामानाने थोडक्यात सांगता येतो. लिथियम बॅटरीची क्षमता वॅट-तासांत, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर-तास यांच्या गुणाकारात मोजतात. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्या हातसामानात नेता येतात, १०० ते १६० दरम्यानच्या बॅटऱ्यांसाठी विमान कंपनीची संमती लागते, आणि सुट्या बॅटऱ्या पोटसामानात कधीही ठेवता येत नाहीत, कारण तेथे पेट घेतल्यास विझवणारे कोणी नसते.

शेवटचा प्रश्न परतीचा, आणि तोच सर्वाधिक विसरला जातो. भारत सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ रोजी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली असून संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठीच अपवाद ठेवले आहेत. सिंगापूरच्या किंवा झुरिकच्या दुकानात स्वस्त दिसलेला ड्रोन भेट म्हणून आणणाऱ्याला तो मुंबईच्या विमानतळावर गमवावा लागू शकतो. भारतात विकत घेतलेला ड्रोन परदेशी नेणाऱ्याने खरेदीची पावती जवळ ठेवावी आणि निघतानाच सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परतताना ती वस्तू नवी आयात नव्हे हे दाखवता येते.

या साऱ्या नियमांचा विचार करताना उडवणाऱ्याच्या सोयीइतकाच, किंबहुना अधिक, खालच्या माणसाचा विचार व्हायला हवा. परक्या गावातील अंगणात बसलेल्या वृद्धेला डोक्यावर घोंघावणारे यंत्र कोणाचे, त्यात काय टिपले जाते आणि ते कोसळले तर दाद कोठे मागायची, हे कळण्याचा हक्क आहे. नोंदणी हा त्या हक्काचा पाया आहे. म्हणून सहल आखतानाच, तिकीट काढण्यापूर्वी, चारही प्रश्नांची उत्तरे प्रत्येक देशासाठी त्या देशाच्या विमान वाहतूक प्राधिकरणाच्या अधिकृत माहितीतून स्वतंत्रपणे मिळवावीत, आणि एकही उत्तर संदिग्ध राहिले तर ड्रोन घरीच ठेवावा. महाराष्ट्रातील सहल कंपन्या व्हिसा, विमा आणि परकीय चलन यांची माहिती प्रवाशांना अगत्याने मराठीत देतात. त्याच पत्रकात ड्रोनसंबंधीच्या या चार प्रश्नांची देशवार उत्तरे त्यांनी छापली आणि दर हंगामात ती तपासून घेतली, तर अनेकांचे नुकसान टळेल, आणि मराठी प्रवासी जबाबदार पाहुणा म्हणून ओळखला जाईल.