कळ दाबण्याआधी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



सकाळपासून चौघांनी विचारलं, "तुझं ते कपाट चालू झालं का रे?" कपाट म्हणजे माझा जुना टेप ड्राइव्ह. अर्धा इंच रुंद टेप, २,४०० फुटांचं रीळ. भंगारातून आणला. अजून त्याला वीज दिलेली नाही आणि दिवाळीपर्यंत देणारही नाही.

असाच एक ड्राइव्ह मी सहा वर्षांपूर्वी आणला होता. त्याच संध्याकाळी उत्साहानं प्लग लावला. रीळ फिरलं, मी टाळ्या वाजवल्या. मग टेप हेडला चिकटून किंचाळायला लागली. काढून पाहतो तर तिच्यावरचा तपकिरी थर हेडवर आणि टेप काचेसारखी पारदर्शक! तिच्यावर पहिल्या नोकरीत आम्ही तिघांनी लिहिलेला पगारपत्रकाचा प्रोग्रॅम होता. त्यातले दोघं आज नाहीत. आता एकच प्रत उरली आहे.

म्हणून या वेळी आधी वही. पहिलं काम रबराचं. टेप ओढणाऱ्या रोलरचं जुनं रबर पाघळलेल्या गुळासारखं होतं. मग वीजपुरवठा बाकीच्या सर्किटपासून सोडवून, व्होल्टेज हळूहळू चढवत कपॅसिटर तपासायचे. नंतर निर्वात खाचा. ब्लोअर हवा ओढतो, टेपचा सैल वेढा खाचेत उतरतो, त्यामुळे टेप क्षणात थांबली-सुटली तरी जड रिळाचा हिसका तिला बसत नाही. तिथे हवा गळली तर टेप तुटलीच. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं आणि आधी टाकाऊ टेप चालवायची, कितीही दिवस लागोत.

खरी भीती आमच्या मुंबईच्या दमट हवेची. टेपवरचा थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ ओल शोषतो. साधारण ५० अंशांवर कित्येक तास सुकवलं की टेप काही दिवस वाचण्याजोगी होते, मग पुन्हा चिकटते. सौ.नं ओव्हन दिला नाही. बरंच झालं, त्याचं तापमान एका जागी राहत नाही. वाचण्याआधी रिळामागची कडी काढायची, म्हणजे चुकूनही त्यावर काही लिहिलं जाणार नाही. आणि नऊही ट्रॅकचे हेडवरून येणारे मूळ संकेतच साठवायचे. एखादा ट्रॅक अडखळला, तर उरलेल्या आठांवरून तो पुढे सावकाश भरून काढता येतो.

सर, प्रयोगशाळेत तुम्ही कळ दाबण्याआधी प्रत्येक जोडणी बोट ठेवून दाखवायला लावायचात. तेव्हा आम्हाला फार कंटाळा यायचा.

एक विनंती. रोलरवर नवं रबर चढवून लेथवर अचूक घासून देणारा कारागीर कुणाच्या ओळखीचा असेल, तर जेवणानंतर मला नक्की भेटा. रोलर पिशवीत घेऊनच आलोय.